बसून पाहिलेला दिवा

९ जुलै १९७०, गुरुवार

खण्ण! — आणि मागून दोनदा खळखळ. ट्रेलरची साखळी हुकात पडल्याचा आवाज. सव्वीस वर्षांत ऐकला नव्हता. इंफाळच्या रस्त्यावर, गुडघाभर चिखलात, सावळाराम रोज सकाळी हा आवाज करायचा आणि ओरडायचा — "ऊठ कवी, तारा जोड!"

आज तोच आवाज भोरात, माझ्या दारात! बशीतला चहा धोतरावर सांडला.

बाहेर सावळारामचा सोपान. जीप, आणि मागे लष्कराचा जुना ट्रेलर. खडकीच्या लिलावातून आणला म्हणे. हिरवा रंग अजून तसाच.

"आबा, जीपच्या प्लगला सात पिना, ह्याच्या प्लगला बारा. कुनाचा कुनाला मेळ न्हाई. आन घाटात धुक्यापायी आता दिसाबी दिवं लावावं लागत्यात. तुमच्याबिगर कोन करनार?" मग आवाज खाली आणून — "फकस्त आयला सांगू नका."

मी कशाला सांगतो! कमळावहिनी दोन गल्ल्या पलीकडे राहतात. लढाईवरून परतलो तेव्हापासून त्यांनी माझा उंबरा ओलांडलेला नाही.

१० जुलै

झोप नाही. लिहूनच टाकतो.

लढाईत गाडीमागचा मोठा दिवा लावायला बंदी. ट्रेलरच्या पोटाशी, पत्र्याच्या टोपीखाली एक लहान लाल दिवा असायचा — मान खाली घातलेला. वरून विमानाला दिसू नये म्हणून. तो तपासायची रीत ठरलेली : मागे जायचं आणि उकिडवं बसायचं. बसल्यावर दिसला पाहिजे, उभ्याने दिसता कामा नये. त्या दिवशीही मी बसून पाहिला. लख्ख होता! सावळाराम वाटेत साखळी बघायला उतरला. धुक्यातून आपलाच ट्रक आला. उंच ट्रक. वरच्या माणसाला दिवा दिसायचं कारणच नव्हतं. सावळाराम जागीच गेला.

चौकशीच्या कागदावर आलं — दोष कुणाचाच नाही.

घरी आल्यावर वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दिवा तुमीच लावलावता न्हवं?" हो म्हणालो. दार लागलं. फटीतून दोन वर्षांचा सोपान तेवढा दिसला, बोटं चोखणारा.

१२ जुलै

नाना पेठेतून सात पिनांचा प्लग आला. लष्कराचे बल्ब चोवीस व्होल्टचे, जीपची बॅटरी बाराची — विझत्या विडीसारखे पेटत होते. सगळे बदलले.

आता तारा. लष्करी तारेला पत्र्याचा बिल्ला असतो, त्यावर आकडा. इथे गंजाने आकडे खाल्लेले. म्हणून एकेक तार बॅटरीला लावून काय पेटतं ते बघायचं.

शाळेत गुरुजी छडीने टेबलावर ताल धरून वृत्त शिकवायचे. लघु, गुरु, गुरु. तारा सोलताना मी अजून तसाच मोजतो — एक आखूड, दोन लांब. पोरं कविता पाठ करून विसरली, माझ्या बोटांत राहिली. आज आपोआप एक ओळ आली :

दिवा लाव मागे, पुढे वाट आहे

भुजंगप्रयात! चक्क मात्रेला मात्रा. दुसरी ओळ मात्र काही केल्या येत नाही.

१३ जुलै

झालं! ब्रेकचा दिवा, डावी-उजवी खूण, मागचा लाल. सोपान जीपमध्ये बसून बटणं दाबत होता, मी मागून "पेटला!" म्हणून ओरडत होतो. उरलेल्या तारा कापून टेप गुंडाळली. डाख पक्का बसलाय, हिसका देऊन पाहिला.

सोपान पाया पडला. म्हणाला, "बानं बघितलं आसतं तर!" मी तोंड फिरवून पकड पुसत बसलो.

१४ जुलै

सोपान सकाळी गेला. हिर्डोशीला रेशनची पोती, तिथून घाट उतरून महाड. परवा परत. इथे ऊन पडलंय.

१५ जुलै

हे काय केलं मी! काय केलं!

कोंडिबा शेजारचा, सुपारी कातरत ओट्यावर बसला होता. थट्टेचा स्वभाव. म्हणाला, "हवालदार, परवा गाडीमागं बसून कसला नमस्कार घालत व्हता?"

"दिवा बघत होतो."

"दिवा? म्या तुमच्या मागंच हुबा व्हतो की. शेवटच्या खेपेला तुमी पेटला पेटला म्हनून वरडताय, आन मला तर कायबी दिसंना. म्हनलं, म्हातारा कविता म्हनतोय!"

त्याने दिलेली सुपारी माझ्या तोंडातच राहिली. मी बसून पाहिला होता. सव्वीस वर्षांनीही उकिडवाच बसलो! बसून लाल दिसला आणि ती तार जोडून मोकळा झालो. ती टोपीखालच्या दिव्याची तार. मोठ्या दिव्याची तार कापून, टेप गुंडाळून मीच आत सारली. या हातांनी!

सोपान धुक्यात आहे. मागून येणाऱ्याला तो दिसणार नाही. बापासारखाच.

धावत एस.टी. स्टँडवर. हिर्डोशीच्या गाडीचा ड्रायव्हर भिमा. त्याचा हातच धरला — सोपान भेटला तर म्हणावं गाडी हलवू नको. तो म्हणाला, "आबा, हिर्डोशीपत्तुर सांगतो. म्होरं धुकं हाय, माझा मलाच बोनट दिसत न्हाई."

मग वहिनींच्या दाराशी गेलो. सांगायला हवंच होतं. कुलूप! शेजारच्या बाळाबाई म्हणाल्या, "कालपासनं न्हाईत. म्हायेरी गेल्या आसत्याल."

सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटल्याची लाज वाटली.

१६ जुलै

भिमा परतला. सोपान आधीच घाट उतरून गेला होता. निरोप पोचला नाही.

दुपारी स्टँडवर कुणी म्हणालं, घाटात ट्रकने एका ट्रेलरला मागून धडक दिली. कुणाचा? ठाऊक नाही. माणूस? ठाऊक नाही. सांगणाऱ्यानेही दुसऱ्याकडून ऐकलेलं. दोन तास तिथेच उभा राहिलो. बसवेनाच.

दुसरी ओळ आज आली. नको तेव्हा आली :

तुझ्या पाठचा का तुला पाहताहे?

खोडली. तरी दिसतेच आहे.

१७ जुलै

दार वाजलं. कोंडिबा असेल म्हणून उघडलं.

कमळावहिनी! लुगडं चिखलाने भरलेलं, हाताला चिंधी, आणि हातात काच फुटलेला कंदील. कंदिलाला लाल खणाचा तुकडा बांधलेला.

"भावजी, गाडी तुमच्या दारात दिसली तवाच म्या ठरीवलं. येशीजवळ जीपला आडवी झाले. तीन दिस ट्रेलरात मागं त्वांड करून बसले. काल यताना ट्रक आला. ह्यो कंदील हालवला तवा त्यो बिरेक दाबून थांबला. वाईच घासला, काच गेली. ट्रकवाला म्हनला, बाई, गाडीचा दिवा म्हनून मला काय दिसलाच न्हाई."

त्यांच्या मागे सोपान. उभा. धड.

वहिनी आत आल्या. कंदील या वहीशेजारी ठेवला.

"रडताय काय? पकड घ्या. त्या तारा पुन्ना जोडा. म्या मागं हुबी ऱ्हाते. मला दिसला, तरच गाडी हालंल."