महालाबाईंच्या दुसऱ्या लग्नाबाबत

प्रति,
मा. मुख्य निबंधक,
जन्म, मृत्यू व वंश नोंदणी,
राज्य कार्यालय, राजधानी.

अर्जदार : एनॉक स्टर्गिल, शाळेचे विश्वस्त व चर्चचे डीकन, मु. लॉरेल फोर्क, परगणा हॅरो.

विषय : अर्जदाराने स्वतःच केलेला पूर्वीचा अर्ज खोटा समजून रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा गेल्या फेब्रुवारीतील अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे आभाराचे पत्र.
३) आपल्या कार्यालयाचे दुसरे पत्र, ज्यात आभार नाहीत.

महोदय,

१. अर्जदाराने फेब्रुवारीत आपणांस कळविले होते की, टेकडीपलीकडील टॉलिव्हर बोलिन यांची मुले लॉरेल फोर्कच्या गोऱ्यांच्या शाळेत बसतात. परंतु ती गोरी नाहीत, कारण ती महाला नावाच्या बाईच्या वंशातील आहेत व जुन्या करपत्रकात त्या बाईपुढे ‘मुक्त, काळी’, म्हणजे गुलाम नसलेली काळी, अशी नोंद आहे; आणि कायद्याने पूर्वजांत एक काळा निघाला तरी सारा वंश गोरा राहत नाही. हे कळविण्यामागे अर्जदाराचा हेतू शुद्ध होता. शाळेत शेगडी एकच. बोलिनांची मुले लवकर येऊन शेगडीजवळचा बाक अडवीत आणि अर्जदाराचा नातू फुटक्या खिडकीपाशी कुडकुडत बसे. खिडकीला काच बसवली असती तर भागले असते, असे आता जो तो म्हणतो. त्या वेळी कोणी तोंड उघडले नाही.

२. आपल्या कार्यालयाने श्री. क्रेन्शॉ यांस चौकशीसाठी पाठविले. ते मृदू बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांनी अर्जदाराच्याच घरी मुक्काम केला, ताकात मक्याचा पाव कुस्करून आमच्यासारखाच खाल्ला, कधी कोणावर आवाज चढविला नाही. बोलिनांच्या मुलांना शाळेतून काढले त्या दिवशीसुद्धा त्यांनी मुले बाहेर पडेपर्यंत दार उघडून धरले होते. अर्जदाराला ते फार आवडले होते, हे नमूद करणे भाग आहे.

३. पुढे अर्जदाराच्या हातून जी चूक झाली, ती आमच्या डोंगरातल्या माणसाशिवाय दुसरा कोणी करणार नाही. मे महिन्यात टेकडीवरच्या कबरस्तानात फुलांचा रविवार असतो. कबरींवरचे गवत खुरपायचे, मातीचे उंचवटे नव्याने रचायचे, वर मेणात बुडवलेली कागदी फुले ठेवायची आणि मग तिथेच चादरी अंथरून सगळ्या खोऱ्याने एकत्र जेवायचे. पाहुण्याला तिथे नेणे म्हणजे त्याला मान देणे. अर्जदाराने श्री. क्रेन्शॉ यांस तो मान दिला. त्यांना तळलेली कोंबडी वाढली, सुक्या सफरचंदांचा थरांचा केक वाढला आणि वर आपली आत्या अर्झुला हिच्या शेजारी नेऊन बसविले. आत्या नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांनी गेलेली. पण कोण कोणाचा हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नाही, आणि पाहुण्यासमोर ते म्हणून दाखवणे हा दरवर्षी तिचाच मान.

आत्या म्हणाली, “लिहून घ्या साहेब. ती मधली मोठी कबर महालाआजीची. दोन नवरे केले तिनं आणि दोघांनाही पुरून उरली. पहिल्याचे झाले ते बोलिन, दुसऱ्याचे आम्ही स्टर्गिल. या टेकडीवर तिचा नाही असा कुणी सापडलाच, तर तो वाट चुकलेला फेरीवाला समजा.”

सगळे पोट धरून हसले. अर्जदारही हसला, इतकेच नव्हे तर ‘आत्या, साहेबांना पोरांची नावंही सांग’ असे त्यानेच सुचविले. श्री. क्रेन्शॉ यांनी चाकूने पेन्सिलीला टोक काढले आणि केकचा आणखी एक तुकडा मागून घेतला.

४. त्यानंतर आपले दुसरे पत्र आले. परगण्याच्या वांशिक तक्त्यात लॉरेल फोर्कपुढे आजवर जवळजवळ सर्व वस्ती गोरी, असे लिहिलेले असे. सुधारलेल्या तक्त्यात गोरा म्हणून एकटा दुकानदार उरला आहे. तो बाहेरगावचा आहे, आणि मापात मारतो म्हणून तो येथे कोणाला फारसा आवडतही नाही. गोऱ्यांच्या शाळेत बसण्यास पात्र असे एकही मूल न राहिल्याने शाळेला कुलूप लागले आहे. शेगडी आत आहे.

५. यावर अर्जदाराचे कायदेशीर म्हणणे असे की, महालाबाईंच्या दोन लग्नांचा विचार वेगवेगळा व्हावा. दुसऱ्या लग्नाच्या वेळी त्या पोर्तुगीज, म्हणजे सावळ्या तरी गोऱ्यांतच मोडणाऱ्या होत्या, असे स्टर्गिल घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. बोलिनांकडेही तसेच सांगितले जाते, पण त्यांचे सांगणे पहिल्या लग्नाबद्दलचे आहे, आणि करपत्रकातली नोंद त्याच सुमाराची आहे. सबब पहिल्या नवऱ्याच्या हयातीत महालाबाई काळ्या असल्या, तरी दुसऱ्याशी लग्न लागतेवेळी त्या तशा नव्हत्या, असे मानण्यास हरकत नसावी. हे वाचून आपण हसाल. अर्जदाराने हा परिच्छेद चार वेळा लिहिला, आणि दर वेळी त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण दुसरे काही सुचत नाही.

६. अर्जदाराची मुलगी ओफा हिचा नवरा हार्लन प्रॉफिट हा डोंगरापलीकडचा, नोंदही तिकडचीच, आणि त्याच्या गोरेपणाबद्दल कोणाला शंका नाही. गोऱ्याने काळीशी लग्न करण्यास कायद्याची बंदी आहे. त्यामुळे श्री. क्रेन्शॉ यांच्या म्हणण्याप्रमाणे ओफाचे लग्न हे लग्नच नव्हे, तो गुन्हा आहे. हे त्यांनी ओफाला समजावून सांगितले तेव्हा ती दिवस भरत आलेली, वाटाणे सोलत बसली होती. त्यांनी तिला आधी पाणी आणून दिले. चार दिवसांनी हार्लनचे भाऊ घोड्यांवरून आले. अंगणात उतरले नाहीत, टोपी काढली नाही, घोडे फाटकाशी धरून ठेवले. हार्लनने खोगीर उचलले, ‘दोन दिवसांत येतो’ म्हणाला आणि त्यांच्याबरोबर गेला. त्याला जाऊन महिना होत आला. ओफा अजून त्याचे ताट मांडते.

७. खोऱ्यात सर्वांना कळले आहे की, श्री. क्रेन्शॉ यांना कोणी बोलावले. चर्चमध्ये अर्जदार ज्या बाकावर बसतो तो बाक रिकामा होतो. संध्याकाळी माणसे रस्त्याने येतात, फाटकाशी थांबतात, घराकडे बघतात आणि जातात. आजवर कोणी दगड मारलेला नाही. मारला असता तर बरे झाले असते. आपल्याच खोऱ्याची इतकी भीती वाटेल असे अर्जदाराला कधी वाटले नव्हते.

८. या खोऱ्यात सुईण एकच: टॉलिव्हरची आई झिल्फा बोलिन, म्हणजे ज्यांची नातवंडे अर्जदाराने शाळेतून काढविली त्याच. अर्जदाराचा स्वतःचा जन्मही झिल्फामावशींच्या आईच्या हातचा. अर्जदार टोपी हातात घेऊन त्यांच्या ओसरीखाली उभा राहिला. त्यांनी पुष्कळ वेळ उभे राहू दिले, आणि मग म्हणाल्या, “येईन की. त्या बाळानं कुणाचं काय वाकडं केलंय? पण जन्माच्या चिठ्ठीवर वंशाचा रकाना असतो. त्यात काय लिहायचं ते तू सांग, एनॉक. तुलाच कळतं ना ते.”

आपल्या दुसऱ्या पत्रात ताकीद आहे की, बोलिन व स्टर्गिल घराण्यांतील मुलांची नोंद अर्जदाराच्या फेब्रुवारीतील अर्जावरून करावी, कारण तो सहीनिशी केलेला व विश्वासार्ह व्यक्तीचा आहे. तो रद्द व्हायचा तर अर्जदाराने तो खोटा होता असे शपथेवर सांगावे लागेल, व खोट्या अर्जाची शिक्षा तुरुंग आहे.

९. तरी नम्र विनंती की, अर्जदारास खोटारडा समजावे. तो डीकन आहे, विश्वस्त आहे, आयुष्यात त्याने कोणाला फसविलेले नाही, या कशाकडेही लक्ष देऊ नये. तो शपथ घेण्यास तयार आहे. बोलिनांच्या मुलांबद्दलचा मजकूर त्याच शपथेने खोटा ठरवावा, म्हणजे शाळेचे कुलूप निघेल. शेगडीजवळ ज्याला बसायचे असेल तो बसो.

१०. वरील मजकूर काल लिहिला. आज सकाळी ओफाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नाव काय ठेवायचे असे झिल्फामावशींनी विचारले, तेव्हा ओफाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “महाला.” मावशींनी चिठ्ठी लिहिली, तो रकाना मोकळा ठेवला आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी ‘गोरी’ असे लिहिले आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.

महोदय, आता आपल्यापाशी माझ्या सहीचे दोन कागद होतील. एकात महालाबाईंचे वंशज गोरे नाहीत, दुसऱ्यात त्यांची ही पोर गोरी आहे. दोहोंपैकी एक खोटा आहे. कोणता ते शोधत बसू नये. माणूस एकच आहे. त्याला घेऊन जावे आणि चिठ्ठी आहे तशी राहू द्यावी.

श्री. क्रेन्शॉ यांची मोटार खाली ओढ्यापाशी येऊन थांबली आहे. बरोबर शेरीफ दिसतो, बहुधा ओफाच्या त्या गुन्ह्यासाठी. रस्ता पुढे खराब असल्याने दोघे पायी वर येत आहेत, आणि श्री. क्रेन्शॉ यांनी नेहमीप्रमाणे लांबूनच टोपी उंचावली आहे. हा अर्ज त्यांच्याच हाती देतो आहे.

आपला, आपण म्हणाल तसा,
एनॉक स्टर्गिल
लॉरेल फोर्क, ३ सप्टेंबर १९३१

सोबत :
१) फेब्रुवारीतील अर्जाची नक्कल.
२) जन्माची चिठ्ठी. (जोडलेली नाही. ती झिल्फा बोलिन यांच्या खिशात आहे, त्या बाळंतिणीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आहेत, आणि त्यांच्या मागे टॉलिव्हर येऊन उभा राहिला आहे.)