सरदार विकताना राहिलेला काना

दाजीबानपेठ, हुबळी

तीर्थस्वरूप श्यामलाअक्कास,
धाकट्या प्रभंजनचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? इकडे मी, तुझी भावजय सरस्वती आणि कापडाचं दुकान, तिघेही तुझ्या आशीर्वादाने उभे आहोत.

अळणावरचं घर आवरून तू मुलाकडे, अनिशकडे, बंगळुरूला जायचं ठरवलंस आणि भावोजींच्या घराण्यातल्या सरदारांचं तैलचित्र विकायला माझ्याकडे पाठवलंस, याबद्दल तुझे उपकार मानावे तेवढे थोडे. 'मागेल त्याला दे, फक्त कोणी नेलं ते मला कळवू नको,' असं तू लिहिलंस. आज्ञा शिरसावंद्य. सरदारांना (तलवार, पदकं आणि वीतभर मिशांसह) दर्शनी भिंतीवर टांगलं. विक्रीला कानडीत 'माराट' म्हणतात, हे तुला सांगायला नको. पण बोलताना फाकडी असलेली माझी कानडी लिहिताना लंगडते. पाटी मीच रंगवली. पहिला काना राहिला, 'ट'चा 'ठ' झाला आणि पाटीवर उमटलं 'मराठ'! आठ दिवस कोणी किंमत विचारली नाही. कुणा मराठा वीराचं स्मारक समजून लोक चपला बाहेर काढू लागले. एका आजींनी "नमस्कार माडबेकेन्री?" विचारलं आणि मी 'नको' म्हणेपर्यंत त्या वाकल्यासुद्धा. जुन्या हुबळीचे निवृत्त सुभेदार सदाशिवराव रोज सॅल्यूट ठोकतात, मग रिकाम्या हाती जायचा संकोच वाटून टॉवेल घेतात. (आजवर अकरा झाले. त्यांच्या घरात माणसं दोन.) अक्का, इतका मान या दुकानाला आमच्या तीन पिढ्यांत मिळाला नव्हता.

शेवटी एका खानावळवाल्याने पाटीतली चूक ओळखली आणि हात धुवायच्या बेसिनवर टांगायला सरदार मागितले. दर दसऱ्याला भावोजी स्वतःच्या उपरण्याने ती चौकट पुसायचे, ते मी पाहिलंय. गिऱ्हाईक ठरलंय म्हणून सांगून टाकलं. आणि मग ठरलंच. चित्र गेलं. कोणी घेतलं, ते तुझ्या आज्ञेप्रमाणे कळवत नाही.

तुझा ऋणी आणि आज्ञाधारक,
प्रभंजन

ता. क. सरस्वती विचारते, चौकट कोरड्या फडक्याने पुसायची की ओल्या?

आणखी एक. अनिशच्या फ्लॅटमध्ये सरदारांना भिंत नाही असं तू लिहिलंस, तुला खोली आहे की नाही ते मात्र लिहिलं नाहीस. मी त्याला फोन केला. तो बिचारा खालच्या आवाजात 'सोफा' म्हणाला. आमची मागची खोली झाडून ठेवली आहे. तुझी गाडी हुबळीवरूनच जाते. तिकीट बंगळुरूचं असलं तरी इथेच उतर.