थोरलीचं माप

४ जानेवारी
खोली मिळाली! शिंपीकाकांच्या दुकानामागची. खिडकीत ऊन, भिंतीपलीकडे मशीनची खडखड. मानववंशशास्त्राचं माझं पहिलंच वर्ष. एका कुटुंबात राहून त्यांची नाती समजून घ्यायची आणि त्यावर निबंध लिहायचा, एवढंच काम. काका, काकू, धाकटी लेक, तिघंही लाघवी. आमच्या बाईंनी बजावलं होतं, आधी ओळख वाढव, प्रश्न नंतर. पण मला कुठला एवढा धीर!

९ जानेवारी
थोरली लेक गेल्या वर्षी वारली. अजूनही जेवणाआधी काकू दारात उभ्या राहून हाक मारतात, थोरले, ये गं. क्षणभर थांबतात. मग सगळे मुकाट्याने जेवायला बसतात. मी धाकटीला विचारलं, कोणी ओ दिली तर? तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला. माझ्या निबंधाला याहून छान काय मिळणार!

१३ जानेवारी
आज मी ओ दिली. आले गं आई, म्हटलं. काय होतं ते बघायला, बस्स. काकूंनी मला कवटाळलं, ढसाढसा रडल्या. काका पुटपुटले, पोरी, हे काय करून बसलीस. आणि त्या गळ्यात पडून रडत असताना मी मनात निबंधाची वाक्यं जुळवत होते. स्वतःचीच किळस आली.

१७ जानेवारी
माफी मागायला गेले. काकूंनी ऐकलंच नाही. थोरलीचा अर्धवट राहिलेला ब्लाउज पुरा केला होता, तो मला घातला. तिचा डावा खांदा उतरता होता, म्हणे, बेतलाही तसाच. चपखल बसला. माझे खांदे तर सरळ होते —

२० जानेवारी
घरी फोन लावला. अगं आई, मी. आईचाच आवाज. म्हणाली, चुकून लागला वाटतं, आम्हाला मुलगी नाही हो.
'हो' म्हणाली. परक्यासारखं —

२२ जानेवारी
काकूंना सगळं सांगितलं. अभ्यासासाठी ओ दिली, तुमच्या दुःखाचा खेळ केला. त्या हसल्या. वेडी कुठली, जेवून घे.
धाकटी मला ताई म्हणते. नजर चुकवून.

२३ जानेवारी
पायरीवर बसलेय. बॅग भरली. बस येईलच. काका म्हणाले, हाक आली तरी ओ देऊ नकोस, सुटशील —
आतून हाक येतेय. आवाज चिरकलाय. गप्प राहिले तर त्यांची लेक पुन्हा जाणार — या खेपेला माझ्यामुळे —
बस दिसतेय.
कुठल्या तोंडाने उठू — एकदाच, शेवटचं —
आले गं आ