बावीस पायऱ्या

८ जाने.
मंजूचा पुण्याहून फोन. तिच्या ऑफिसातली मंडळी सुटीच्या दिवशी जिओकॅशिंग खेळतात. कुणीतरी डबी लपवायची, कोडं घालायचं, बाकीच्यांनी फोनवरच्या नकाशावरून शोधायची. म्हणाली, "मम्मी, तुझ्या शहागडात पण एक डबी आहे! नाव 'शेवटचं बाकडं'. लपवणारी स्कॉटलंडच्या कुठल्या जुन्या गावात राहते."
नसीम. शाळेत शेवटचं बाकडं आम्हा दोघींचं, आणि लग्न होऊन ती गेली तिकडेच. दुसरं कोण असणार.
कणकेचे हात तसेच फोनला लागले.

९ जाने.
कोडं वहीत उतरवलं. तीन प्रश्न. होस्टेलमधल्या तुझ्या कॉटचा नंबर? (सतरा. तिची अठरा, पण थंडीत दोघी सतरावरच.) सिस्टरनी आपल्याला कितवीत वेगळं बसवलं? (सातवीत. बोलण्यापायी.) शहागडला नदीच्या घाटाला पायऱ्या किती? पुढे लिहिलंय, "आपल्या पायांनी मोजायच्या." गुणाकार करून येतील ते आकडे नकाशात भरायचे.
जालन्याच्या कॉन्व्हेंटात शहागडच्या आम्ही दोघीच. तिच्या अब्बांची हायवेला लाकडाची वखार. सुटीला एकाच एस.टी.ने घरी, शेंगदाण्याची पुडी मधे.
डबी दोन वर्षांपूर्वी ठेवलीय. म्हणजे आली होती. मी राहते त्या जालन्यावरूनच गेली असेल. माझ्याकडे आली नाही. कशी येईल? तिच्या लग्नाला मी...

१२ जाने.
ह्यांना घेऊन शहागड. पाणी उतरलंय, घाटाची तळची पायरीसुद्धा उघडी. दोनदा मोजल्या. तेवीस. आकडे भरले तर खूण बरोबर नदीच्या मधोमध. तरी घाटावरच्या देवळामागे, भिंतीच्या कडेने हात घालून बघत होतो. फुलवाली बाई कमरेवर हात ठेवून उभी.
"काय हुडकून राह्यले मावशी? गुप्तधन असंल तर गावाला सांगून खांदा बरं!"
हे म्हणाले, "धन न्हाई हो बाई. हिची मैत्रीण हरवलीय."
"मंग पोलिसात जा की!"
सगळे हसले. मला हसता आलं नाही.
परतताना गाडीत ह्यांना सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. नसीमच्या लग्नाच्या दिवशी मी साडी नेसून तयार होते. आई म्हणाली, "जालन्याच्या स्थळाचं बोलणं चाललंय. मुसलमानाकडे जेवून आल्याचं त्यांच्या कानावर गेलं तर?" साडी सोडली. निरोपही पाठवला नाही. तिची दोन पत्रं आली, उत्तर दिलं नाही.
ते स्थळ म्हणजे हे.
अंबडला ह्यांनी चहाला गाडी थांबवली. मग म्हणाले, "अगं, आमचे काका गेल्ते त्या लग्नाला. तिथल्या बिर्याणीचं वर्षभर सांगत व्हते."

१५ जाने.
तांदूळ निवडताना आठवलं. घाटाच्या मधल्या एका पायरीवर साष्टांग नमस्कार घातलेला माणूस कोरलाय. आई म्हणायची, "पाय दे खुशाल. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाची धूळ लागावी म्हणून त्यानंच कोरून घेतलंय." नसीम काही पाय देईना. "माणूस आहे सुमी, त्याच्यावर पाय कसा देऊ?" उडी मारून पुढच्या पायरीवर. तिचा हात माझ्या हातात, म्हणून माझीही उडी.
आपल्या पायांनी बावीसच.
त्या दिवशी मी त्याच्यावर पाय देऊन गेले. दोनदा.

१८ जाने.
बावीस धरून आकडे भरले. खूण घाटावरच्या पिंपळाच्या पारावर. दगडाच्या फटीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कंपासपेटी. पत्र्याची, शाळेतली आमची तीच, झाकणावर करकटकाने कोरलेलं न आणि सु. फुलवालीला ह्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "सापडली!"
आत छोटी वही. सिस्टरनी घोटून घेतलेलं तिरकं अक्षर जसंच्या तसं.
"सुमी, तुझ्या गल्लीत रिक्षा थांबवली होती. उतरले नाही. राग केव्हाच गेला. पण तू का आली नाहीस, ते तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे. बावीस तुला आठवले तर बाकीचंही आठवेल."
डबी सापडली की वहीत नाव लिहायचं असतं, पण तिच्यानंतर पानावर एकाचंही नाव नाही. कसं असेल? सतरा नि सात दुसऱ्या कुणाला ठाऊक? असले तरी तेवीस मोजून नदीतच गेले असते.
खेळाचा नियम, डबीत आपलंही काही ठेवायचं. तिच्या लग्नासाठी विणलेला क्रोशाचा रुमाल नेला होता. घडीवर पिवळी रेघ पडलीय. ठेवला.

२० जाने.
सापडल्याचं फोनवर कळवायचं, खाली दोन ओळी लिहायच्या, त्या तिला पोचतात. सकाळपासून तेच चाललंय. "आईने जाऊ दिलं नाही," लिहिलं. पुसलं. आई जाऊन बारा वर्षं झाली, तिच्यावर कशाला? "लोक काय म्हणतील म्हणून," तेही पुसलं.
शेवटी लिहिलं, "मी घाबरले. मीच आले नाही. रुमाल पेटीत आहे, तो न्यायला तुला यावं लागेल."
हे चष्म्यातून वाचून म्हणाले, "बराबर आहे. आता दाब बटण."
दाबलं.
तिच्या नावापुढे लिहून येतं, खेळ शेवटचा उघडला: काल.
चहा दोनदा गरम केला. फोन खिडकीत ठेवलाय, तिथे रेंज जरा बरी.