पुलावरून उडी मारण्यापूर्वीची निरवानिरव

मी, खाली सही करणार, वय चोपन्न, व्यवसाय वार्ताहर, प्रथम एक तक्रार नोंदवतो. माझ्या बॅगेतून माझा संस्कृत कोश काढण्यात आला असून त्या जागी पत्नीचे डोंगर चढायचे बूट विराजमान झाले आहेत. विमानात म्हणे वजन चालत नाही. बुटांचे चालते, शब्दांचे चालत नाही. असो. या आघातानंतरही माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहीत आहे. पत्नी शेजारच्या खोलीत बॅगेवर बसून चेन ओढते आहे; तो दबाव बॅगेवर आहे, माझ्यावर नव्हे.

कारण असे. पत्नी शाळेत भूगोल शिकवते. इतकी वर्षे तिने फळ्यावर खडूने ज्वालामुखी काढले, पुसले, पुन्हा काढले. आता तिला एक खरा पाहायचा आहे. म्हणून आम्ही दूरच्या एका बेटांच्या देशात निघालो आहोत. तिथे ज्वालामुखी आहेत, हिमनद्या आहेत, हिरवीगार सरोवरे आहेत, आणि एका दरीवर एक पूल आहे. त्यावरून माणसे पायाला दोर बांधून, वर पैसे भरून, खाली उडी घेतात. माझ्या नावेही एक उडी राखून ठेवलेली आहे.

सहलीच्या कचेरीतल्या मुलीला मी रीतसर विचारले.

"काका, काही होत नाही. पायाला दोर असतो."

"आणि दोराला?"

"दोराला पूल असतो."

"आणि पुलाला?"

"काका, तुम्ही इथे सही करा."

तिथे केली. आता इथे करतो.

बेत खरे तर तिघांचा होता. आमची मुलगी नोकरीसाठी परगावी असते, तीही येणार होती. नव्या जागी रजा मिळेना. "तुम्ही दोघंच जा ना, बाबा. मज्जा करा." तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही, मात्र वर बुद्धीविषयी लिहिले आहे ते कायम समजावे.

कलम पहिले, घर. अर्धे पत्नीचे आहेच, उरलेले अर्धेही तिलाच. स्वयंपाकघराची खिडकी उचलून ओढल्याशिवाय लागत नाही, हे ज्ञानही तिच्याकडेच जाते. मुळात तिनेच ते मला दिले होते, अनेकदा.

कलम दुसरे, बचत. सहलीनंतर काही दिसली तर मुलीला. न दिसल्यास तिने आईने काढलेले फोटो पाहावेत. पैसे त्यांत आहेत.

कलम तिसरे. नगरपालिकेच्या सभांतले घोरणेसुद्धा इमानाने टिपणारा माझा टेपरेकॉर्डर आमच्या उपसंपादकास द्यावा. माझ्या बातम्यांतून त्याने आजवर जेवढी विशेषणे कापली, तेवढी सर्व माझ्या निधनवार्तेत परत घालावीत.

कलम चौथे, मेहुणा. यानेच आधी ती उडी मारली आणि घरात चार माणसे जमली की तो तिची चित्रफीत दाखवतो, तीही संथ गतीत. त्याला माझ्या उडीची चित्रफीत देण्यात यावी. ती त्याने सर्वांसमक्ष पूर्ण पाहावी. आवाज बंद करू नये, मी काहीही ओरडलो असलो तरी.

कलम पाचवे मुलीसंबंधी आहे. बोलता येऊ लागले तेव्हापासून ती या घरात मध्यस्थाच्या पदावर आहे. "बाबांना सांग, जेवण वाढलंय." "आईला विचार, माझा चष्मा पाहिलाय का." परगावी गेली तरी पद सुटले नाही. या सहलीचा बेतही फोन मध्ये ठेवूनच ठरला.

"विचार गं त्यांना, उडी मारणार आहेत का."

"आई, बाबा तुझ्या शेजारीच बसलेत ना?"

"हो. पण तू विचार."

मी म्हणालो, "आईला सांग, मारतो."

या पदातून मुलीला सन्मानपूर्वक मुक्त करण्यात येत आहे.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, खालील दोघांसमक्ष सही केली.

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल. दिनांक: निघण्याआधीचा रविवार.

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य, शाळूसोबती. २. आमच्या छापखान्यातले मुद्रितशोधक, निवृत्त. (यांनी सही करण्यापूर्वी दोन स्वल्पविराम काढले.)

पुरवणी. सही करून दंतवैद्य म्हणाला, "अरे, आपटण्याबद्दल सगळं लिहिलंस. पण पोरगी येत नाही म्हटल्यापासून तुझा चेहरा उतरलाय, ते कुठे आहे यात? मी दिवसभर लोकांची तोंडंच बघतो, मला नको शिकवूस."

म्हणून लिहितो. उडीची भीती वाटते, पण ती उडीपुरती. त्या पुलापुढचा रस्ता बराचसा निर्जन आहे आणि तिथे फोन लागत नाही, असे कचेरीतल्या मुलीने सांगितले आहे. गाडीत आम्ही दोघेच असू. मुलीला मध्ये न घालता मी बायकोशी शेवटचा केव्हा बोललो, ते मला आठवत नाही. मला तिच्याशी बोलायचे आहे. तिला माझ्याशी बोलावेसे वाटेल की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.