राहनाळबाहेरचे मांदोडे

हरेश मांदोडे यांस,

आमचं आडनाव आमच्या राहनाळ गावाबाहेर मी कधी ऐकलं न्हाय. आणि तुम्ही घरी येऊन म्हणता, तापीकाठी मांदोड्यांची आख्खी आळी हाय! वर विचारता, आपला मूळ पुरुष एकच का? शेतावर गोडाऊन उभी राहिल्यापासून असे भाऊबंद बरेच उगवले. सगळ्यांचा डोळा जमिनीवर.

तुम्ही सातबारा मागितला न्हाय, देवक विचारलंत. मला वाटलं, हा डाव खोल हाय. आमचं कळंब, तुमचं उंबर निघालं. मी लगेच चार लोकांदेखत देवीची शपथ घेऊन बोललो, "आडनाव एक असंल, कूळ एक न्हाय. आपलं काही नातं न्हाय!"

तुम्ही चक्क माझ्या पाया पडलात.

तुम्ही गेल्यावर बायको हसत म्हणाली, "आपली दिपाली कामाला जाते ना, त्याच गोडाऊनात हा हाय. दोघांचं जमलंय. एकाच कुळातले म्हणून तुम्ही लग्नाला नडाल, हीच धास्ती होती त्यांना."

हे पत्र मी टाकणार न्हाय. रविवारी आईवडलांना घेऊन या, हे दिपालीच सांगंल. सातबारा मात्र मी कुलपात ठेवलाय.

अजून तरी तुमचा कोणी न्हाय असा,
हिरामण मांदोडे