बापाचा खुंट

१२ डिसेंबर, शुक्रवार. कळंब.

नात सर्वे बोटीवर कामाला आहे. आज तिने समुद्राच्या तळाचं चित्र दाखवलं. बोटीवरून खाली आवाज सोडतात, तो गाळाच्या थरांवर आपटून परत येतो, त्याचं चित्र. एवढा खटाटोप कशाला, कोन जाने. त्यातली काळी रेघ म्हनजे हजारो वर्षांपूर्वीचा किनारा म्हने.

मी विचारलं, "यात माझ्या बापाचा खुंट दिसतो का?" डोल जाळं बांधायला बापाने तळात ठोकलेला.

ती हसली. "आजोबा, एवढं बारीक नाही दिसत. पण जागा सांगा, उद्या बोट तिथून नेऊ."

जागा काय सांगू? होडीतून बघताना किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस दोन माडांच्या मधोमध आला की खुंट आला समजून बाप ओरडायचा, "थांबव रे, आलं आपलं घर!" ते माड समुद्राने कधीच नेले. नुसत्या कळसावर जागा कशी लागनार? मघापासून ती काळी रेघच डोळ्यासमोर येते. एवढा जुना किनारा सापडला, आनि मला बापाची जागा सांगता येत नाय.

उद्या मीच जातो बोटीवर. सुनेला नारळ काढून ठेवायला सांगितलाय. जागा नाय लागली तर वाटेल तिथे सोडीन. बाप घेईल शोधून.